पान दोन

अमळनेरच्या कोर्टाबाहेर, झेरॉक्सवाल्याच्या पत्र्याला लागून
माझं टेबल. एक संगणक, एक प्रिंटर,
लाइट गेली की अर्ध्या तासाचा इन्व्हर्टर.
सातबाऱ्यावरची चुकलेली नावं, भाडेकरार,
हरवलेली गुणपत्रकं,
कधीमधी एखादं अपील.

कौतिकबाई बोरीपल्याडून आली.
खताच्या पिशवीत आदेश, त्याला चार घड्या.
'सिद्धदोष बंदी दगा वल्द झिपरू
यास शिक्षेत माफी देता येत नाही.'

मी म्हटलं, मुदतीला चारच दिवस उरलेत.
ती म्हणाली, वाचणारा पोऱ्या सुरतेला गेलेला,
काल आला.

दगा हे नाव मी दोनदा तपासलं.
आधीची दोन लेकरं गेली,
तिसऱ्याला कुणी नेऊ नये म्हणून असं नाव.
पुण्यातल्या साहेबाला हे कोण सांगणार?
तो नाव वाचील आणि मान हलवील.

रजेवर आला होता, अठ्ठावीस दिवसांच्या.
परतला एकोणचाळिसाव्या दिवशी.
उशिराच्या एका दिवसाला पाच, म्हणजे पंचावन्न दिवस कापले,
आणि वर्षाची माफी मागितली तेव्हा
त्याच अकरा दिवसांवर बोट.

कारण काय लिहू?
लोक आजारपण लिहितात. दाखला मिळतो,
देणारा डॉक्टर माझ्या ओळखीचा आहे.
'खोटं नको लिखू.'
मग काय करत होता अकरा दिवस?
धाबं.
तिच्या घराचं धाबं गळत होतं, खारी टाकायची होती.
गाडी मिळाली नाही. त्याने पाटीने वाहिली,
नदीच्या कडेपासून, एकटा,
सोळा वर्षांत पांढऱ्या झालेल्या डोक्यावर पांढरी माती.
अर्धं धाबं टाकून कसा जाणार?

मी टाइप केलं: घरदुरुस्तीच्या अपरिहार्य कारणास्तव.

ती टेबलावर वाकली.
'मना भाऊ उशिरा उना, पन उना ना.
आपले आपन उना.'
तिचं बोलणं तसंच्या तसं टिपून घेतलं, मग वर जाऊन
शासनाच्या भाषेत बसवलं:
सदर बंदी हा कोणत्याही पोलीस कारवाईविना
स्वतःहून कारागृहात हजर झालेला असून.
वाचून दाखवलं.
'हाई मी नही सांगं.'

मयताचं नाव?
तिने इकडेतिकडे पाहिलं. चहावाला होता फक्त.
हिलाल, ती म्हणाली. नीट लिहा.
मग विचारलं नसताना सांगत बसली
की हिलालची माय आणि ती
एकाच नळावर पाणी भरतात.
बोलणं नाही. तेव्हापासून नाही.
पण नळावर तिसरं कुणी नसलं
आणि हंडा डोक्यावर चढवायचा असला
तर एकमेकींना हात लावतात,
आणि आपापल्या वाटेने जातात.

मी कीबोर्डवर हात ठेवून ऐकलं.
नमुन्यात असा रकाना नाही.
मयताच्या नातेवाइकांची हरकत आहे किंवा नाही,
एवढंच असतं. मी रिकामं सोडलं.
ते विचारायला ती माझ्याकडून कुणाला पाठवणार होती?

लाइट गेली. इन्व्हर्टर ओरडायला लागला.
घाईघाईत प्रिंट दिली.
एक पान निघालं, अर्जदार, अंगठा, दिनांक, सगळं बरोबर.
मागोमाग दुसरं.
पूर्ण कोरं, वर फक्त एक ओळ,
टिपून घेतलेली, पुसायची राहिलेली:
मना भाऊ उशिरा उना, पन उना ना.

चुकून आलं, मी म्हटलं, आणि चुरगळायला घेतलं.
'कितला पैसा एक पानना?'
पाच.
तिने दहाची नोट ठेवली.
माझ्या हातून कागद घेतला, मांडीवर सरळ केला,
सुईदोऱ्याकडे बोट दाखवलं.

मी दोन्ही पानं एकत्र टाचली.
वर लिहिलं: एकूण पृष्ठे २.